गाडी विकण्यापूर्वी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

रविवारी ओसरीवर, बिछाना-शेगडी बसवून राहण्याजोग्या केलेल्या तुझ्या ट्रॅव्हलर गाडीच्या खर्चाची वही माझ्यापुढे सरकवून तू "काका, गाडी काढून टाकू का?" असे विचारलेस, तेवढ्यात तुझी काकू चहा घेऊन आली आणि मी विषय बदलला. तिच्यासमोर गाडी विकण्याची भाषा मला नको होती. कारण पुढे सांगतो. आधी वही.

तुझ्या वहीत एका महिन्याचे चार शनिवार-रविवार आहेत: दिवेआगर, पन्हाळा, तारकर्ली आणि भंडारदरा. एकूण १,८०० किलोमीटर. तुझी ट्रॅव्हलर लिटरला १० किलोमीटरचे ॲव्हरेज देते आणि डिझेल ९० रुपये धरले, तर नुसत्या डिझेलचे १६,२०० रुपये होतात. कॅम्पसाइटवर माणशी १,२०० प्रमाणे दोघांच्या चार रात्रींचे ९,६०० होतात. म्हणजे एक रात्र सुमारे साडेसहा हजारांना पडली. एवढ्या पैशांत चांगल्या हॉटेलात राहिलो असतो, असे तू म्हणालास आणि ते खरे आहे. परंतु त्यावरून गाडी परवडत नाही असा जो निष्कर्ष तू काढलास, तो साफ चुकीचा आहे. तुला गाडी महाग पडलेली नाही, धावणे महाग पडले आहे.

आता हाच हिशेब माझ्या पद्धतीने मांडून पाहा. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून, कास ओलांडून बामणोलीला जा आणि कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठी सलग तीन रात्री राहा. जाऊन-येऊन, इकडेतिकडे फिरून शंभर किलोमीटर धर. डिझेलचे ९०० रुपये होतील. मुक्कामाचा दर एक पैसाही कमी झाला नाही असे मानले तरी ७,२०० होतील, म्हणजे रात्रीला २,७००. अंतर कमी कर, मुक्काम वाढव. हे वाक्य मी तुला यापूर्वीही सांगितले होते आणि तू मान डोलावून पुढच्याच आठवड्यात तारकर्लीला गेला होतास. रजा मिळत नाही हे मला मान्य आहे. म्हणूनच दर शनिवारी पळण्याऐवजी महिन्यातून एकदाच नीघ आणि शनिवार-रविवारला एक सोमवार जोड.

ज्या अमेरिकन मंडळींचे व्हिडिओ पाहून तू गाडी बांधलीस, त्यांचेही गणित याहून वेगळे नाही. जून २०२२ मध्ये तिथे पेट्रोलच्या सरासरी दराने गॅलनला पाच डॉलरची रेषा पहिल्यांदा ओलांडली. त्यांच्या मोठ्या मोटारहोमला, म्हणजे चाकांवरच्या घराला, गॅलनमागे आठ मैल मिळाले तरी समाधान मानतात, म्हणजे आपल्या मापाने लिटरला साडेतीन किलोमीटरही नाहीत. शंभर गॅलनची टाकी भरायला पाचशे डॉलर लागू लागले, की जुना जाणता माणूस गाडी विकत नाही, ती एका जागी उभी करतो. तिथे सरकारी मोकळ्या जमिनीवर बहुतेक ठिकाणी चौदा दिवसांपर्यंत विनामूल्य राहता येते, हा त्यांचा मोठा आधार. आपल्याकडे तसे नाही. इथे प्रत्येक वावराला मालक आहे आणि उरलेले जंगल वनखात्याचे आहे. वासोटा किल्ल्यावरूनसुद्धा संध्याकाळच्या आत खाली उतरावेच लागते. तेव्हा त्यांचा फुकट मुक्काम आपल्या डोक्यात नको. त्यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे एका जागी राहणे.

कॅम्पसाइटचे दर वाढले ही तुझी तक्रार मात्र रास्त आहे. पूर्वी दिवसाला हजार रुपयांपर्यंतच्या मुक्कामावर जीएसटी नव्हता आणि त्या सवलतीत हॉटेल-लॉजबरोबर कॅम्पसाइटचाही उल्लेख होता. १८ जुलै २०२२ पासून ती सवलत गेली आणि नोंदणीकृत व्यावसायिकाच्या बिलात १२ टक्के वाढले. सप्टेंबर २०२५ मध्ये ते ५ टक्क्यांवर आले. पण तुझे खरे नुकसान करात नाही. तुझ्याजवळ बिछाना आहे, शेगडी आहे, आणि तरीही तू तंबू व दोन वेळचे जेवण धरून लावलेला माणशी दर मुकाट्याने भरतोस. गाडी उभी करण्याचे, पाण्याचे आणि संडास-बाथरूमचे किती, एवढेच विचारावे. एका रात्रीच्या गिऱ्हाइकाला कोणी असा दर देत नाही, तीन रात्री राहणाऱ्याला देतात. २०२१ मध्ये राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले खरे, परंतु रात्री आठ वाजता गाडी कुठे लावायची, हा प्रश्न अजून तुझा तुलाच सोडवावा लागतो. एखाद्या शेतकऱ्याच्या खळ्यावर जागा मिळाली, तर ठरलेले पैसे घासाघीस न करता दे आणि भाजी-दूध त्याच्याच घरून घे.

आता माझे सांगतो. २००९ मध्ये मी अशीच गाडी घेतली तेव्हा डिझेल चाळिशीच्या आत होते आणि मी तुझ्यासारखाच धावत होतो. एकदा बामणोलीला पोहोचलो, गाडी पाण्याकडे तोंड करून लावली, आणि दुसऱ्या दिवशीच्या उसळीसाठी तुझ्या काकूने मटकी भिजत घातली. "इथे अजून एक दिवस राहू या," असे ती म्हणाली. माझ्या कागदावर मात्र गुहागर लिहिलेले होते. पहाटे निघालो, साताऱ्याला परत येऊन उंब्रज-पाटणवरून कुंभार्ली घाट उतरलो. दुपारी चिपळूणच्या उकाड्यात तिने डबा उघडला तेव्हा मटकी आंबली होती. तिने काही न बोलता ती रस्त्याकडेला टाकली आणि डबा बाटलीतल्या पाण्याने विसळला. त्या सहलीत किती किलोमीटर झाले ते माझ्या वहीत आहे. गुहागरात काय पाहिले ते मला आठवत नाही.

पुढे मी बदललो, हेही तुला सांगितले पाहिजे. २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटले, २०१७ पासून ते रोज बदलू लागले, आणि मी लांबच्या वाऱ्या बंद केल्या. सोबतच्या मंडळींनी लडाखचा बेत आखला तेव्हा मी नकार दिला आणि कंजूष ठरलो. मी कंजूष नव्हतो. त्या वर्षी आम्ही चाळकेवाडीच्या पठारावर पाच रात्री काढल्या आणि गावातल्या तीन घरांशी आमचे जे येणेजाणे जुळले, ते आजही टिकून आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये डिझेलने शंभरी ओलांडली आणि त्याच महिन्यात माझी गाडी विकली गेली, म्हणून सगळे म्हणतात की मी डिझेलला भ्यालो. ते खोटे आहे. काकूचे गुडघे गेले होते, तिला गाडीची पायरी चढवेना, आणि एकट्याने जाण्यात मला रस नव्हता. नोव्हेंबरात केंद्राने डिझेलवरचे उत्पादन शुल्क दहा रुपयांनी कमी केले तेव्हा शेजारचे म्हणाले, थोडे थांबायला हवे होते. त्यांना मी उत्तर दिले नाही, तुला देतो आहे. थांबायला हवे होतेच, पण ते बारा वर्षे आधी, बामणोलीला.

म्हणून चिडून लिहितो आहे असे वाटले तर वाटू दे. अंतर कमी कर, मुक्काम वाढव. गाडी विकू नकोस.

आणखी दोन गोष्टी. तुझी दोनशे लिटरची पाण्याची टाकी तू घरीच काठोकाठ भरतोस, म्हणजे दोनशे किलोचे ओझे संपूर्ण घाटभर डिझेल जाळून वर नेतोस. पिण्यापुरते पाणी घे, टाकी मुक्कामी भर. आणि हायवेवर नव्वदने जाण्याचा हट्ट सोड. उंच, चौकोनी गाडीला वारा अडवतो, वेग वाढेल तसा तो विरोध झपाट्याने वाढतो, आणि साठ-पासष्टवर तेच इंजिन कितीतरी कमी पिते. प्रवासाला निघण्यापूर्वी, टायर थंड असतानाच, त्यातली हवा तपास.

कासचा फुलांचा हंगाम संपून गर्दी ओसरली, की एका शनिवारी नीघ आणि मंगळवारी परत ये. सुताराकडून मी एक सुटी लाकडी पायरी करून घेतली आहे, जुन्या सागाची, चढताना धरायला एका बाजूला दांडा असलेली. ती तुझ्या दाराखाली नीट बसते का, हे येत्या रविवारी गाडी घेऊन आलास की पाहू. काकूला अजून काही सांगितलेले नाही. मटकी मात्र तिलाच भिजवू दे.

तुझा,
काका