चिडलेली मांजर आणि कॅटनिपची पुडी

मागच्या अंकात कॅटनिपबद्दल, म्हणजे मांजरांना भुलवणाऱ्या एका वनस्पतीबद्दल, मी दोनच ओळी लिहिल्या होत्या आणि त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी सगळं सदर त्यालाच दिलंय. बहुतेकांचं म्हणणं एकच, मांजर चिडलीय किंवा घाबरलीय, पुडी मागवू का. खरं सांगायचं तर कॅटनिप हे औषध नाही, खेळणं आहे. मांजर कशाने बिथरली ते शोधल्याशिवाय कुठलीच पुडी कामाला येत नाही, म्हणून उत्तरं थोडी लांबलीयत.

प्रश्न : ताई, आम्ही डोंबिवलीला तिसऱ्या मजल्यावर राहतो. मनी साडेतीन वर्षांची आहे, एकदम गरीब स्वभावाची. गेल्या आठवड्यात ती बाल्कनीच्या जाळीशी बसून विचित्र आवाज काढत होती म्हणून मी उचलायला गेले तर माझ्या पोटरीला कडकडून चावली. तेव्हापासून सासूबाई दिसल्या की फिस्कारते, त्यांनी तर काहीच केलं नव्हतं, फक्त तेव्हा बाजूला उभ्या होत्या. ऑनलाइन कॅटनिप स्प्रे मागवून तिच्या उशीवर मारला, ती लोळली आणि पाच मिनिटांनी परत अंगावर आली. माझं काय चुकलं?

उत्तर : आधी पोटरीचं बोला. चावल्याबरोबर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि डॉक्टरकडे जायचं. मनीचं लसीकरण झालंय, ती घराबाहेर जात नाही, हे सगळं डॉक्टरांना सांगा, पण रेबीजची इंजेक्शनं घ्यायची की नाही हे त्यांना ठरवू द्या, आपण घरी ठरवायचं नाही. मांजराचे सुळे सुईसारखे असतात, वरून भोक बारीक दिसतं आणि लगेच मिटतं पण घाण आत खोल जाऊन बसते. तुम्ही अजून दाखवलं नसेल तर आजच जा.

आता मनी. तुमचं काहीच चुकलेलं नाही आणि मनीचंही नाही. जाळीतून तिला खाली दुसरी मांजर दिसली असणार, बहुतेक बोका. तिच्या हद्दीत कोणीतरी आलाय, तिला धावून जायचंय आणि मध्ये जाळी. अंगातला तो सगळा राग कुठे काढायचा, तर जो पहिला हाताशी आला त्याच्यावर. तुम्ही हाताशी आलात. सासूबाई त्या क्षणी शेजारी होत्या, आता त्यांचा वास आणि ती भीती तिच्या डोक्यात एकत्र चिकटलीय. हे खूप कॉमन आहे आणि लोकांना वाटतं मांजर अचानक वेडी झाली, काही जण तर सोडून द्यायच्या गोष्टी करतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं.

पुढच्या वेळी असं झालं तर उचलू नका, हातही लावू नका. जाड चादर किंवा मोठा पुठ्ठा आडवा धरून तिला हळूहळू एका खोलीत वळवा, आत पाणी, खाणं, लिटर बॉक्स (शी-शूची पेटी) ठेवा, पडदे ओढा, दिवा बंद करा आणि दार लावून घ्या. दाराबाहेर बसून मनी मनी करत समजूत काढत बसायचं नाही. काही तास लागतात, कधी एक-दोन दिवससुद्धा. ती स्वतःहून खायला लागली, अंग चाटायला लागली की समजा उतरलंय. आणि जाळीचा खालचा दोन-अडीच फूट भाग कापड लावून झाका, खालची मांजर दिसायलाच नको.

कॅटनिप तेव्हा नको होतं. ही पुदिन्याच्या, तुळशीच्या कुळातली वनस्पती, शास्त्रीय नाव नेपेटा कॅटारिया. तिच्या पानात नेपेटालॅक्टोन नावाचं द्रव्य असतं, ते नाकातून काम करतं. आधी मांजर चेकाळते, घासते, लोळते, लाळ गाळते, लाथा झाडते आणि मग सैल पडते. हा सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा, त्यानंतर अर्धा तास ते दोन तास पुन्हा वास दिला तरी काही होत नाही. म्हणजे शांत होण्याआधी चेकाळणं आहेच, आणि जी आधीच पेटलेली आहे तिच्यासाठी ते आगीत तेल. मनी शांत असेल तेव्हा चिमूटभर सुकी पानं बोटांत चुरडून तिच्या खरवडायच्या खांबावर किंवा नवीन कॅरिअरमध्ये (तिला बाहेर न्यायच्या पेटीत) टाका, आठवड्यातून एक-दोनदा पुरे. तिथे त्याचा खरा उपयोग आहे, नवीन वस्तू तिला आपली वाटायला लागते. डबा घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवा नाहीतर वास उडतो.

सासूबाईंना सांगा, तिच्याकडे टक लावून बघायचं नाही. लांबून उकडलेल्या चिकनचा छोटा तुकडा ठेवायचा आणि निघून जायचं, रोज दोनदा. ती बघत असेल तर डोळे हळू मिटून हळू उघडायचे. इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठात २०२० मध्ये यावर अभ्यास झालाय, माणसाने असे डोळे मिचकावले की मांजरंही तसंच उत्तर देतात आणि अनोळखी माणसाजवळ यायला जास्त तयार होतात. माझी ठमी फ्रिजवर बसून असे डोळे मिटते तेव्हा मी हातातलं काम ठेवून उत्तर देतेच.

प्रश्न : आमच्या बोक्यावर कॅटनिपचा काहीच परिणाम होत नाही. माल डुप्लिकेट आला का? (रत्नागिरी)

उत्तर : डुप्लिकेट असेलच असं नाही. साधारण तीन मोठ्या मांजरांपैकी एकावर ते चालतच नाही, हे जन्मजात असतं, आणि तीन-चार महिन्यांच्या पिल्लांवर तर नाहीच. अशांसाठी माताताबी म्हणजे सिल्व्हर व्हाइन बघा, जपानमध्ये मांजरांना फार पूर्वीपासून देतात. २०१७ मध्ये १०० मांजरांवर एक अभ्यास झाला होता, त्यात सुमारे ८० टक्के मांजरं माताताबीला भुलली, आणि कॅटनिपला दाद न देणाऱ्यांतलीही बरीच त्यात होती. पुढे २०२१ मध्ये इवाते विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की मांजरं हा पाला अंगाला घासतात तेव्हा त्यांच्यावर डास कमी बसतात आणि शरीरात एंडॉर्फिन हे बरं वाटायला लावणारं द्रव्य वाढतं. म्हणजे ते लोळणं नुसतं वेड नाही, कामाचं आहे. मला हे वाचून इतका आनंद झाला होता की त्या दिवशी दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत सुटले होते.

आणि तुम्ही कोकणात आहात तर तुमच्या परसातच एक गोष्ट असेल. खोकली. पावसाळ्यात कंपाउंडच्या कडेला उगवते, गुडघ्याएवढी, काहीजण कुप्पी म्हणतात. तिचं मूळ उपटलं की मांजरं वेड्यासारखी जमतात. मल्याळममध्ये तिला पूच्चमयक्की म्हणतात, मांजराला भुलवणारी. माझ्या आजीच्या अंगणात तण काढताना मुळाची माती झटकली आणि शेजारची भाटी, जी कधी कोणाला हात लावू द्यायची नाही, ती येऊन त्या मुळावर गाल घासत आडवी पडली, डोळे अर्धे मिटलेले, तोंडातून लाळ, आणि आजी खुरपं हातात तसंच धरून बघत राहिली. फक्त वास घेऊ द्या, चावून खाऊ देऊ नका, या झाडात विषारी द्रव्यं आहेत. मूळ जुन्या मोज्यात गाठ मारून द्यायचं आणि खेळून झालं की काढून घ्यायचं.

प्रश्न : दिवाळीत आमची मांजर चार दिवस माळ्यावर जाऊन बसते, जेवत नाही. आईच्या झोपेच्या गोळीचा पाव तुकडा दिला तर चालेल का? (नाशिक)

उत्तर : नाही. कृपा करून नको. माणसाची कुठलीच गोळी घरच्या घरी मांजराला द्यायची नाही, पॅरासिटामॉलची तर एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. तुमच्या व्हेटना, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरांना, दिवाळीच्या आठ दिवस आधी भेटा. गाबापेंटिनसारखं औषध वजन बघून देतात, ते फटाके सुरू व्हायच्या दोन-तीन तास आधी पोटात जायला लागतं, आणि एकदा आधी साध्या दिवशी देऊन बघायचं म्हणजे तिला किती गुंगी येते ते कळतं.

माळ्यावर जाते तर जाऊ द्या, खाली ओढू नका. लपणं हाच तिचा इलाज आहे. तिथेच पुठ्ठ्याचा खोका आडवा ठेवा, आत तुमची वापरलेली, न धुतलेली साडी किंवा टीशर्ट, जवळ पाणी आणि थोडं खाणं, आणि खाली लिटर बॉक्स जिथे फटाक्यांचा आवाज कमी येतो तिथे. संध्याकाळ व्हायच्या आत खिडक्या बंद. फेरोमोनचे डिफ्युझर मिळतात, मांजर गाल घासते तेव्हा जो संदेश सोडते त्याची नक्कल असते, माणसाला वास येत नाही. काही मांजरांना छान लागू पडतात, काहींना नाही. लावायचाच असेल तर आठवडाभर आधीपासून लावा, सोफ्यामागे नको, उघड्या जागी. एक दिवसापेक्षा जास्त काहीच खाल्लं नाही तर थांबायचं नाही, उपाशी मांजराचं लिव्हर लवकर बिघडतं, विशेषतः ती जाड असेल तर.

प्रश्न : घरात लॅव्हेंडरचं तेल, कापूर लावल्याने मांजर शांत होते असं ऐकलं. (कोल्हापूर)

उत्तर : उलट आहे. मांजराच्या लिव्हरला अशी तेलं पचवता येत नाहीत, निलगिरी, टी ट्री, लिंबाच्या सालीचं तेल, सगळीच धोक्याची, आणि अंगावर पडलं की ती चाटून पोटातही घेते. कापूर आणि डांबरगोळ्या तिच्या पोहोचेबाहेर ठेवा. आरती झाली की खिडकी उघडा.

प्रश्न : आमचा पाच वर्षांचा बोका दोन दिवस चिडचिड करतोय, पोटाला हात लावला की बोचकारतो, सारखा लिटरमध्ये जाऊन बसतो आणि ओरडतो. कॅटनिप दिलं, फरक नाही. (सातारा)

उत्तर : हे पत्र ईमेलने आलं होतं, अंक छापेपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं म्हणून वाचल्या वाचल्या फोन केला. इतरांसाठी इथे देतेय. बोका वारंवार लिटरमध्ये बसतो, जोर लावतो आणि लघवी थेंबथेंब होते किंवा होतच नाही, हा राग नाही, मूत्रमार्ग तुंबलाय. एक-दोन दिवसात किडनी बसते, जीव जातो. रात्र असली तरी निघायचं. या बोक्याला नळी घालून मोकळं केलं, तीन दिवस सलाईनवर होता. नंतर बोलताना कळलं की महिनाभरापूर्वी घरात रंगकाम झालं होतं आणि त्याची लिटरची जागा गॅलरीतून वॉशिंग मशीनशेजारी हलवली होती. ताणाने मांजराच्या मूत्राशयाला सूज येते हे आम्ही रोज बघतो, आणि मशीन सुरू झालं की तो अर्ध्यातून उठून पळत असणार.

आता लिटर परत जुन्या जागी आहे, दुसराही एक ठेवलाय, कोरड्या दाण्यांऐवजी ओलं खाणं आणि पाण्याच्या तीन वाट्या वेगवेगळ्या खोल्यांत. त्याच्या ताईला मी सांगितलंय की रोज सकाळी लिटर साफ करताना लघवीने झालेले ओले गोळे मोजायचे आणि कॅलेंडरवर लिहायचे. काल तिने फोटो पाठवला, तीन, दोन, तीन, तीन.