टक्सनचं बालपण लिहिताय तर...

अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटातलं टक्सन शहर, तिथल्या आठवणींचं तुमचं पहिलं पान वाचलं. "फार ऊन असायचं" ही सुरुवात आधी काढा. नागपूरचा वाचक हसेल हो! मीही टक्सनलाच वाढलो, म्हणून हक्काने सांगतो: ऊन दाखवायचं तर गाडीच्या सीटबेल्टचं बक्कल दाखवा. शाळा सुटल्यावर आई ओढणीच्या टोकाने ते धरून लावायची, तोवर हात लावायची आम्हाला बंदी.

पावसाचंही तसंच. आपल्याकडे मातीचा वास, तिथे क्रिओसोटच्या झुडपाचा. त्याची फांदी ओंजळीत धरून तोंडाची वाफ सोडली की भर मे महिन्यात पावसाचा वास यायचा. तुम्हीही केलं असणारच. हे सावकाश लिहा. जुलैत कोरडा ओढा तासाभरात दुथडी भरायचा, हे नंतर येऊ दे.

सग्वारो निवडुंगाबद्दल मात्र जपून. त्याला पहिला हात, म्हणजे फांदी, फुटायलाच साधारण 50 ते 75 वर्षं लागतात. त्यामुळे "माझ्याबरोबर वाढलेला, हात पसरलेला सग्वारो" हे वाक्य गेलंच म्हणून समजा. त्याची लाल फळं तिथले मूळ रहिवासी, तोहोनो ओओधम लोक, उन्हाळ्यात सग्वारोच्याच वाळक्या बरगड्यांच्या (खोडातल्या लाकडी पट्ट्यांच्या) लांब काठीने पाडतात. ती त्यांची भूमी, त्यांना वगळू नका.

आणि चोया निवडुंगाचा काटा टाचेत घुसला, बाबांनी कंगव्याने उपटला, हे तुम्ही दोन ओळींत उरकलंत! तिथेच थांबायचं होतं. कंगवा कुणाचा होता? तुम्ही रडलात की नाही?