प्ली बार्गेनिंगला मराठीत काय म्हणायचं: तडजोड, सौदा की माफी?

प्रश्न असा आलाय की मुंबईवरच्या २६/११ हल्ल्याच्या कटातल्या डेव्हिड हेडलीच्या जुन्या बातम्या वाचताना एका ठिकाणी "प्ली बार्गेन" होतं, दुसऱ्या ठिकाणी "तडजोड", तिसरीकडे "माफीचा साक्षीदार", तर हे सगळं एकच का? प्ली बार्गेनिंगला, म्हणजे आरोपीने गुन्हा कबूल करायचा आणि बदल्यात शिक्षेत किंवा आरोपात सवलत घ्यायची या प्रकाराला, नीट मराठी शब्द कोणता? आणि मुळात हा प्रकार चांगला की वाईट? तिन्हींचं उत्तर एकत्रच देतो, कारण इथे शब्द निवडतानाच आपण चांगल्या-वाईटाचा निम्मा निकाल देऊन टाकतो. सौदा म्हटलं की वाईट वाटतं आणि तडजोड म्हटलं की शहाणपणाचं वाटतं.

आधी हेडली, कारण त्याच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टी दोन वेगळ्या देशांत झाल्यात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. मार्च २०१० मध्ये शिकागोच्या कोर्टात त्याने सगळे १२ आरोप कबूल केले, बदल्यात अमेरिकन सरकारी पक्षाने फाशी मागायची नाही आणि तो सहकार्य करत राहिला तर त्याला भारत, पाकिस्तान किंवा डेन्मार्कच्या ताब्यात द्यायचं नाही असं ठरलं, आणि जानेवारी २०१३ मध्ये त्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली. हे प्ली बार्गेन. पुढे डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईच्या कोर्टाने त्याला २६/११ चाच आरोपी अबू जुंदाल याच्या खटल्यात माफी देऊन साक्षीदार केलं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याने व्हिडिओ लिंकवरून साक्ष दिली. हा झाला माफीचा साक्षीदार. म्हणजे माणूस तोच, पण शिकागोत तो दोषी ठरला आणि शिक्षा भोगतोय, आणि मुंबईच्या त्या खटल्यात त्याला माफी मिळाली ती खरं सांगण्याच्या अटीवर. माफीच्या साक्षीदाराला दुसऱ्यांविरुद्ध साक्ष द्यावीच लागते, तेच तर त्याचं काम. प्ली बार्गेनिंगमध्ये तसं असेलच असं नाही, माणूस स्वतःपुरतं कबूल करून शिक्षा घेऊन मोकळा होऊ शकतो. अमेरिकेत बरेचदा दोन्ही एकाच करारात येतं म्हणून आपल्याकडे बातमी लिहिताना सरमिसळ होते.

तिसरा एक प्रकार आहे तोही बाजूला काढून ठेवू. नुसतं "गुन्हा कबूल". कोर्टात आरोप वाचून दाखवल्यावर विचारतातच की गुन्हा कबूल आहे का, आणि कोणी हो म्हणालं तर न्यायाधीश त्यावर शिक्षा देऊ शकतात, पण त्यात समोरून काही ठरवून घेतलेलं नसतं. कसाबने जुलै २००९ मध्ये भर कोर्टात कबुली दिली ती अशी, तिच्या बदल्यात त्याला कोणी काही देऊ केलं नव्हतं आणि खटलाही पुढे चाललाच.

आता शब्द. हिंदीत जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या प्ली बार्गेनिंगच्या प्रकरणाला "सौदा अभिवाक्" असं नाव होतं. व्याकरणात बसत असेल, पण कोर्टाच्या व्हरांड्यात उभ्या असलेल्या कुठल्याही पक्षकाराला ते सांगून बघा, काही कळणार नाही. मराठीत अभिवाक् आणायची मुळीच गरज नाही कारण आपल्याकडे "कबुली" आहे आणि ती कोर्टात रोज वापरली जाते. गुन्हा कबूल, नाकबूल, कबुलीजबाब, हे शब्द शाळेत न गेलेल्या माणसालाही कळतात.

बार्गेनिंगला शब्दशः मराठी शब्द घासाघीस. मंडईत मेथीच्या जुडीवरून चालते ती. आणि खरं सांगायचं तर अमेरिकेत जे चालतं ते घासाघीसच आहे, कारण तिथे सरकारी वकिलाच्या हातात आरोप कमी-जास्त करण्याची ताकद असते, फक्त शिक्षेबद्दल बोलण्याची नाही. पॉल हेज नावाच्या माणसाचं केंटकीमधलं प्रकरण बघा. ८८ डॉलर ३० सेंटचा खोटा चेक वटवल्याचा आरोप, सरकारी वकील म्हणाला कबूल कर, ५ वर्षांची शिफारस करतो, नाही केलंस तर सराईत गुन्हेगाराच्या कायद्याखाली नवा आरोप लावतो. त्याच्या नावावर आधीचे गुन्हे होते, त्यामुळे ती धमकी पोकळ नव्हती. त्याने नकार दिला, नवा आरोप लागला, आणि जन्मठेप झाली. १९७८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ अशा मतांनी हे चालतं असं म्हटलं! ८८ डॉलरच्या चेकसाठी ५ वर्षं पुरेशी होती असं ज्या वकिलाला स्वतःला वाटत होतं त्यानेच पुढे जन्मठेपेचा रस्ता उघडला, आणि मधे बदललं काय तर त्या माणसाने खटला चालवायचा हक्क वापरला, एवढंच. हे मला आजही पचत नाही. त्याच कोर्टाने २०१२ मध्ये लिहिलंय की तिथल्या संघीय कोर्टांमधल्या ९७ टक्के आणि राज्यांमधल्या ९४ टक्के दोषसिद्धी गुन्हा कबूल केल्यातून येतात. म्हणजे सिनेमात दिसतो तो ज्युरीसमोरचा खटला हा अपवाद, कबुली हा नियम. या प्रकाराला "कबुली-सौदा" म्हणायला माझी काहीच हरकत नाही, जे आहे ते त्या शब्दात नीट दिसतं.

पण भारतातलं तसं नाहीये आणि म्हणून तोच शब्द सरसकट वापरू नये असं माझं म्हणणं आहे. आपल्याकडे विधी आयोगाने १९९१ च्या १४२ व्या अहवालापासून हे मांडलं, मग १५४ व्या आणि १७७ व्या अहवालातही, २००३ मध्ये फौजदारी न्यायव्यवस्था सुधारण्यासाठी नेमलेल्या मलिमठ समितीनेही बाजूने मत दिलं, आणि ५ जुलै २००६ पासून कायद्यात आलं. आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम २८९ ते ३०० मध्ये आहे. ७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांनाच लागू. स्त्रिया आणि मुलांविरुद्धचे गुन्हे बाहेर, देशाच्या सामाजिक-आर्थिक स्थितीवर परिणाम करणारे म्हणून सरकारने जाहीर केलेले कायदे बाहेर, त्यात हुंडाबंदी आहे, अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा आहे. अर्ज आरोपीनेच करायचा, दोषारोप निश्चित झाल्यापासून ३० दिवसांत. मग न्यायाधीश त्याला बंद दालनात एकट्याला विचारतात, तिथे सरकारी वकील नाही, पोलीस नाही, फिर्यादीही नाही, फक्त एवढंच तपासायचं की हा स्वतःच्या मर्जीने आलाय की कोणी ढकललंय. मला या कायद्यातला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. मर्जी खरी वाटली तरच पुढची बैठक, आणि तिथे पीडित व्यक्तीलाही बसायला जागा आहे, नुकसानभरपाई ठरते, खर्च ठरतो. आणि शिक्षा किती कमी करता येईल तेही कायद्यात लिहिलेलं आहे, ते सरकारी वकिलाच्या मनावर नाही.

उदाहरण घेऊ. फसवणुकीचा गुन्हा, जुन्या भाषेत चारशेवीस, जास्तीत जास्त ७ वर्षं. पहिल्यांदाच गुन्हा केलेल्याला कोर्ट त्याच्या एक षष्ठांश म्हणजे १४ महिने देऊ शकतं, आधी शिक्षा झालेली असेल तर एक चतुर्थांश म्हणजे २१ महिने. (त्याच गुन्ह्यात आधी शिक्षा झालेली असेल तर अर्जच करता येत नाही.) किमान शिक्षा ठरलेली असेल तर तिच्या निम्मी, पहिल्यांदा असेल तर चौथा हिस्सा. आधी जेवढं आत काढलं ते वजा. यात घासाघिशीला जागाच थोडी राहते, म्हणून इथे "सौदा" शब्द थोडा अन्यायाचा होतो.

मग तडजोड म्हणावं का? बरेच जण म्हणतात, आणि इथे मात्र मी हट्टाने नाही म्हणतो. नुसतं तडजोड म्हणणं धोक्याचं आहे. आपल्याकडे लोकअदालतीच्या प्रत्येक बातमीत "तडजोडपात्र गुन्हे" येतात. फिर्यादी आणि आरोपीने आपसात मिटवण्याजोगे गुन्हे ते. तिथे मिटवलं की कायद्याने आरोपी निर्दोष सुटल्यासारखा धरला जातो, नावावर डाग नाही. प्ली बार्गेनिंगमध्ये उलट! तिथे दोषसिद्धी होते. शिक्षा कमी झाली, कदाचित परिवीक्षेवर, म्हणजे चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडलं, तरी निकालात दोषी असंच लिहिलं जातं. आता विचार करा, पोलीस भरतीची तयारी करणारा २० वर्षांचा मुलगा मारामारीच्या केसमध्ये अडकलाय आणि त्याला कोणीतरी सांगतं "अरे तडजोड करून टाक, एका तारखेत संपेल". तो आपलं लोकअदालतीसारखं समजून सही करेल आणि पुढे चारित्र्य पडताळणीच्या फॉर्ममध्ये "कधी शिक्षा झाली आहे का" या रकान्यापाशी येऊन अडकेल. बरं, या निकालावर नेहमीचं अपीलही नाही, फक्त हायकोर्टात रिट किंवा सुप्रीम कोर्टात विशेष परवानगीचा अर्ज. म्हणून जो काही शब्द करायचा त्यात कबुली पुढे आणि ठळक हवी, बाकीचं मागे. भारतापुरतं मी "कबुली-तडजोड" म्हणतो. ऐकणारा पहिल्याच शब्दाला थांबला पाहिजे, की बाबा काय कबूल करतोय मी.

काही जणांनी "मांडवली" आणि "तोडपाणी" सुचवलंय. दोन्ही नकोत. मांडवली कोर्टाबाहेर होते, तोडपाण्यात कुणाचा तरी खिसा गरम होतो, आणि हे तर न्यायाधीशांसमोर, लेखी, कायद्याने चालतं. त्याला तसलं नाव दिलं तर ज्याला याचा खरंच उपयोग आहे तोही लांब पळेल. "समेट"ही नको, तो नवरा-बायकोत किंवा भाऊबंदकीत होतो.

आता चांगलं की वाईट. तुरुंगातल्या दर ४ कैद्यांमागे साधारण ३ कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही असे. चोरीच्या केसमध्ये, जिथे जास्तीत जास्त ३ वर्षं, पहिल्यांदाच आत गेलेला माणूस जामीनदार मिळत नाही म्हणून ६ महिने आत आहे असं धरा. ३ वर्षांचा सहावा हिस्सा किती? ६ महिनेच. म्हणजे त्याने कबुली-तडजोड केली तर शिक्षा भोगून झाली म्हणून सुटू शकतो. त्याने खरंच चोरी केली असेल तर यापेक्षा चांगलं काय, त्याची सुटका होते, ज्याचं सामान गेलं त्याला भरपाई मिळते, साक्षीदारांच्या चकरा वाचतात. पण त्याने चोरी केलीच नसेल तर? तरीही तो कबूलच करेल, कारण निर्दोष ठरायला किती वर्षं लागतील कोण सांगणार, आणि चोर म्हणवून घेतलं तर आज संध्याकाळी घरी. फायदा आणि तोटा इथे एकाच आकड्यात आहेत, दोन वेगळे रकाने करताच येत नाहीत, आणि म्हणूनच "फायदे-तोटे सांगा" या प्रश्नाला सरळ उत्तर देणं अवघड जातं.

ही भीती नवी नाही. १९७६ मध्ये मुरलीधर मेघराज लोया विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात, प्रकरण खुरासणी तेलातल्या भेसळीचं, सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी या प्रकारावर सडकून टीका केली होती. त्यांचा रोख होता की भेसळ करणारा व्यापारी कबुली देऊन तुरुंग टाळतो, सरकारी पक्षाचं काम वाचतं, आणि ज्या समाजाने ते तेल खाल्लं तो या बोलण्यात कुठेच नसतो. १९८० च्या कासमभाई खटल्यात न्यायमूर्ती भगवतींनी दुसरं टोक पकडलं, निर्दोष माणूसही लांबलचक खटल्याच्या धास्तीने कबूल करेल हे. एकाची काळजी श्रीमंत गुन्हेगार स्वस्तात सुटेल ही, दुसऱ्याची गरीब निर्दोष अडकेल ही. पहिल्या काळजीवर कायद्याने बऱ्यापैकी कुंपण घातलंय, आणि कोर्टंही सावध दिसतात, २००७ मध्ये रिझर्व्ह बँकेतल्या अफरातफरीच्या प्रकरणात मुंबईच्या सीबीआय कोर्टाने असा अर्ज फेटाळला होता. दुसऱ्या काळजीवर मात्र ते बंद दालनातले प्रश्न एवढाच उपाय, आणि त्या प्रश्नांना जामीनदार नसलेला माणूस काय उत्तर देईल हे उघड आहे. मर्जीने आलास का? हो साहेब. त्यामुळे माझं मत विचाराल तर जामिनावर बाहेर असलेल्या, स्वतःचा वकील असलेल्या माणसासाठी ही सोय चांगली आहे, आतल्या माणसाला आधी जामीन मिळू दे आणि मग त्याला विचारा. प्रत्यक्षात आपल्याकडे याचा वापर नगण्य आहे, आणि त्याचं एक कारण मला असं वाटतं की केस लढवली तर साक्षीदार फुटून, फिर्यादी कंटाळून सुटायची शक्यता बरी असते, मग कबुली कोण देणार.

राहिला वापराचा प्रश्न. "आरोपीने कबुली-तडजोडीचा अर्ज केला", "कबुली-तडजोडीनंतर कोर्टाने त्याला दोषी ठरवून १४ महिन्यांची शिक्षा दिली" असं लिहावं. "तडजोडीनंतर सुटका" असं लिहू नये, त्याने वाचणाऱ्याला निर्दोष सुटल्यासारखं वाटतं. अमेरिकेची बातमी असेल तर कबुली-सौदा, आणि माफीचा साक्षीदार फक्त कोर्टाने माफी दिलेली असेल तेव्हाच. प्ली बार्गेनिंग हा शब्दही देवनागरीत खुशाल ठेवा, वकील तोच बोलतात, फक्त पहिल्यांदा येईल तिथे पुढे एक वाक्य टाका की यात आरोपी गुन्हा कबूल करतो आणि दोषी ठरतो.