'मायनॉरिटी रिपोर्ट' या चित्रपटात दाखवलंय तसं गुन्हा घडण्याआधीच अटक करणं भारतात कधी शक्य होईल का?

कधी होईल म्हणजे? होतंच आहे की. त्यासाठी पाण्याच्या हौदात झोपवलेले तीन भविष्यवाले लागत नाहीत अन् 2054 सालही उजाडावं लागत नाही. एक जीप आणि एक वही पुरते.

मी पारधी. बारावीची परीक्षा देऊन लातूरहून घरी आलो होतो. येरमाळ्याच्या येडाईची चैत्री यात्रा जवळ आली की आमच्या वस्तीवर जीप येते, हे लहानपणापासून ठाऊक. त्या वर्षी मला मिसरूड फुटलेलं. जमादार वहीतून नावं वाचायला लागला. बाप, थोरला चुलता, मग धाकट्या चुलत्याचं नाव आलं. काकू चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "त्यो मागल्या पावसाळ्यातच मेला की, सायेब." जमादारानं नाव खोडलं नाही, पुढं 'मिळून आला नाही' असं लिहिलं. माझं नाव वहीत नव्हतं, ते बापाच्या नावाखाली पेनानं चढवलं. कलम 151 लावलं, म्हणजे गुन्हा करेल या संशयावरून आधीच अटक. रात्र ठाण्याच्या व्हरांड्यात, सकाळी तहसीलदारापुढं चॅप्टरचा बाँड, म्हणजे नीट वागेन असं लिहून द्यायचं. मी नेमकं काय करणार होतो, हे कुणी विचारलं नाही अन् सांगितलंही नाही. यात्रेत पाकिटं मारली गेली ती गेलीच.

चित्रपटात निदान खून तरी दिसतो. लाकडी गोळ्यावर नाव कोरून येतं. इथं कुणाच्या पोटी जन्मलास एवढंच बघतात. अख्ख्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1952 साली गेला, आम्ही विमुक्त झालो, वही राहिली. चित्रपटातली मला पटलेली गोष्ट वेगळीच आहे (पाहिला नसेल तर पुढचं वाक्य सोडा). यंत्रणा उभारणारा म्हातारा स्वतः केलेला खून तिच्याच आड लपवतो.

कॉम्प्युटरचं म्हणाल तर अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी गुन्ह्याचा आधीच अंदाज बांधणारं सॉफ्टवेअर कैक वर्षं वापरून 2020 मध्ये बंद केलं. ते चालतं जुन्या नोंदींवर. आमच्या जमादाराची वही त्यात घातली तर मेलेला चुलताही संशयित निघेल.

हां, ज्याच्यावर खरंच गंभीर गुन्हे आहेत त्याला सणाआधी बसवून ठेवलं तर माझी हरकत नाही. सगळे पोलीस तसले नसतात. कलम 151 आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 170 झालंय, आणि त्यातली अटक एरवी चोवीस तासांपुरतीच असते.

तुम्ही चित्रपट जरूर बघा, पण "ज्यानं काही केलं नाही त्यानं कामून भ्यावं?" म्हणणाऱ्यासोबत बघू नका. माझा लातूरचा रूममेट हेच म्हणायचा, त्यावरून आमचं बोलणं तुटलं. बाबा रे, वाचत असशील तर सांग: विसर्जनाच्या मिरवणुकीत तुझ्या भावानं एकाचं डोकं फोडलं होतं. पुढल्या गणपतीला तुला घरून उचललं का?