सातबाऱ्यावर नाव नसलेल्यांना आधी बोलाव

अनेक आशीर्वाद.

तुझा शेतकरी प्रशिक्षणाचा आराखडा वाचला. ग्रामपंचायतीचं सभागृह, प्रोजेक्टर, गांडूळखतापासून पाणलोटापर्यंत डझनभर विषय. जेवण आहे, म्हणजे खुर्च्या भरतीलच. पण त्या भरतील सातबारावाले. पाठीवर पंप घेणारा गडी तेव्हा कुणाच्या तरी वावरात असेल, आणि निंदणाऱ्या बाया रोज बुडवून यायच्या नाहीत.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. त्यात दुसऱ्याच्या शेतात रोजानं फवारणारे मजूरही होते. वाऱ्याच्या उलट फवारू नका, दोन-तीन औषधं एकत्र कालवू नका, हे मालकाला ऐकवून भागत नाही. ज्याच्या अंगावर औषध उडतं त्याला ते कळायला हवं. म्हणून सभा बाजाराच्या दिवशी ठेव. कामं बंद असतात, हप्त्याचा चुकारा घ्यायला सगळे गावातच असतात.

विषयांची यादी यंदा बाजूला ठेव. कपाशी आणि गुलाबी बोंडअळी एवढंच धर, आणि शेतीशाळा वावरातच भरव. ही अळी लहान असतानाच बोंडात शिरते आणि छिद्र बुजून जातं. बोंड वरून साजरं दिसतं, आत सरकीचा भुगा. एकरभर फिरून वीस हिरवी बोंडं मजुरांनाच तोडू दे, त्यांनाच फोडू दे. दोन जिवंत अळ्या निघाल्या की दहा टक्के झाले, फवारणीची वेळ आली. कमी निघाल्या तर पंप घरी. एकरी दोन कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे, लाव आणि पतंग मोजायचं काम बायांकडे दे. सलग तीन रात्री एकेका सापळ्यात रोज आठ-आठ पतंग आले की सावध व्हायचं. पहिली डोमकळी, म्हणजे अळी लागून न उमललेलं, गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं फूल, बहुधा त्यांनाच दिसेल, कारण ओळीओळीनं वाकून फिरतात त्याच.

कुणीतरी म्हणेलच, ‘तुमचं खरं हाय, पन कृषी केंद्रवाला उधारीत देते ना बाप्पा.’ तिथे भाषण नको. कृषी केंद्रवाल्याशी भांडणही नको. हंगामाला पैसा तोच पुरवतो. फक्त टळलेली प्रत्येक फवारणी औषध आणि मजुरीसकट वहीत मांडायला लाव.

फरदडीचं, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवून वेचण्याचं, मात्र अवघड आहे. पाण्याची थोडी सोय असली की जानेवारीनंतरचा वेचा कुणाला सोडवत नाही, आणि तेवढ्यावर अळी पुढच्या हंगामापर्यंत तग धरते. एकट्यानं पऱ्हाटी उपटून फायदा नाही, शेजारच्या वावरातून पतंग येतातच. हे अख्ख्या शिवाराचं काम आहे. पहिल्या वर्षी त्याचा हट्ट धरू नकोस.

आता जूनमध्ये निंबोळ्या पडतील. बचत गटाला किलोमागे पैसे देऊन त्या वेचून, सावलीत वाळवून ठेव. ओल्याच पोत्यात भरल्या तर बुरशी येते. पाच किलो कुटलेली निंबोळी रात्रभर पाण्यात, सकाळी गाळून शंभर लिटर, थोडा साबणचुरा. पाच टक्के अर्क फवारायला तयार. निंबोळीची तजवीज झाली की कळव, सापळ्यांचं मग पाहू.