निर्णय होण्याआधी

प्रिय विद्यार्थिमित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र तीनदा वाचले. ज्या शेजाऱ्याला धाक बसावा म्हणून हा शस्त्रकरार होतो आहे, तोच त्यामुळे अधिक शस्त्रे जमवू लागेल, हा तुझ्या निबंधाचा निष्कर्ष गाळून 'विश्लेषण तेवढे ठेव' असे मार्गदर्शकांनी सुचवले, आणि पदवी हाती आल्यावर तो स्वतंत्रपणे छापावा काय, असे तू विचारतोस. तोवर करारावर सह्या झालेल्या असतील, हे तुला कळत नाही असे मी मानत नाही. परराष्ट्र धोरणावरची टीका निर्णय होण्याआधी करायची असते. नंतर लिहितात तो इतिहास, आणि तो लिहिणारे पुष्कळ आहेत.

२६ सप्टेंबर २००२ रोजी आंतरराष्ट्रीय संबंधांच्या ३३ अभ्यासकांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये पैसे भरून जाहिरात दिली, की इराकशी युद्ध अमेरिकेच्या हिताचे नाही आणि त्यातून बाहेर कसे पडायचे हे कोणी सांगितलेले नाही. त्यांत केनेथ वॉल्ट्झ होते, थॉमस शेलिंग होते. बळाचा वापर मुळातच निषिद्ध मानणारी ही माणसे नव्हेत. मार्च २००३ मध्ये सैन्य घुसलेच. मग उपयोग काय झाला, असे कृपा करून विचारू नकोस. 'हे आधी कोणाच्या लक्षात आले नव्हते' असे म्हणण्याची सोय राहिली नाही, एवढा झाला.

व्हिएतनाम युद्धाला विरोध केल्यामुळे १९६५ मध्ये आंतरराष्ट्रीय राजकारणाचे अभ्यासक हान्स मॉर्गेन्थाऊ यांचे अमेरिकेच्या संरक्षण खात्यातील सल्लागारपद गेले, शिकागो विद्यापीठातील प्राध्यापकपद राहिले. या फरकातच शैक्षणिक स्वातंत्र्याचा सगळा अर्थ आला आहे. सल्लागार सरकारचा असतो, प्राध्यापक नसतो. आणि त्याचे पद राखायचे ते त्याने वेळेत बोलावे म्हणूनच. तुझ्या मार्गदर्शकांना तुझा निष्कर्ष पटण्याचीही गरज नाही. १९१७ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने पहिल्या महायुद्धाच्या विरोधातील भूमिकेवरून अध्यापकांना काढले, तेव्हा निषेध म्हणून तिथलेच इतिहासकार चार्ल्स बिअर्ड यांनी राजीनामा दिला, आणि ते स्वतः युद्धाच्या बाजूचे होते.

आता माझे. एका व्यापारबंदीवर मी २३ पाने लिहिली होती, निर्णयाच्या सात आठवडे आधी. 'सध्या वातावरण बरे नाही' असे एका वडीलधाऱ्यांनी म्हटले आणि मी ती टाचणी लावून खणात ठेवली. धोरण फसल्यावर छापली, तेव्हा फार कौतुक झाले. ती प्रत अजून माझ्याजवळ आहे. टाचणीचा गंज पहिल्या पानावर उतरला आहे. मी भ्यायलो होतो असे लोक समजतात, ते पूर्ण खरे नाही. पाचव्या तक्त्यात दोन वर्षांचे आकडे खरोखरच नव्हते आणि अर्धवट पुराव्यावर बोलणे मला आजही आवडत नाही. पण ते आकडे नंतरही मिळाले नाहीत, आणि छापताना त्यांच्यावाचून माझे काही अडले नाही! 'आकडे अपुरे आहेत' ही एक ओळ तेव्हाच लिहिता आली असती.

म्हणून पदवीनंतर वगैरे मला सांगू नकोस. निष्कर्ष शेवटच्या पानावरून पहिल्यावर आण, विशेषणे काढ, आणि शेजाऱ्याच्या संरक्षण खर्चाचे आकडे मूळ अंदाजपत्रकावरून पुन्हा ताडून पाहा. तुझ्या दुसऱ्या तक्त्यातली बेरीज चुकली आहे. दुरुस्त प्रत या आठवड्यातच मला पाठव.

तुझा,
एक जुना अध्यापक