मेस्त्री, मास्तर आणि आमचे मिस्टर

प्रश्न : आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी पाऊस यायच्या आधी पडवीचं दार बदलून घेतोय. आई सुताराला "मेस्त्रीनू, च्या घेवा" म्हणाली तेव्हा व्हिडिओ कॉलवर माझा भाऊ होता, तो जर्मनीत असतो. तो हसायलाच लागला, म्हणे इथेही सुताराला मायस्टर म्हणतात आणि फुटबॉलची लीग जिंकणाऱ्या टीमलाही मायस्टरच म्हणतात. बाबा म्हणतात मेस्त्री हा आपला अस्सल कोकणातला शब्द, त्यांच्याकडे कशाला जाईल. नक्की कोण बरोबर? आणि लिहायचं कसं, मेस्त्री की मिस्त्री?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : भाऊ बराचसा बरोबर आहे, बाबा थोडेसे बरोबर आहेत, पण ते थोडंसंच जास्त मजेशीर आहे म्हणून ते शेवटी सांगतो.

मेस्त्री आला पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतलं, पुढे चौल, वसई अशा जागा धरल्या, आणि एवढे किल्ले, चर्च, जहाजं बांधायची म्हणजे कारागीर आलेच, त्यांच्यातला जो हुशार मुख्य कारागीर तो मेस्त्रे. तुमच्या पडवीत आत्ता जे चाललंय ना, मेस्त्री कानावर पेन्सिल अडकवून बिजागरी बसवतोय, त्यातली बिजागरीसुद्धा पोर्तुगीजांचीच, दार झाल्यावर जी चावी मिळेल ती पण, आणि शेजारी गवंड्याचं घमेलं असेल तर तेही. लाकूड तेवढं आपल्या फणसाचं.

आता हा मेस्त्रे कुठून आला तर लॅटिन 'मागिस्तेर'वरून. 'मागिस' म्हणजे जास्त, म्हणून मागिस्तेर म्हणजे जो इतरांपेक्षा वरचा तो. रोमन लोक शाळेतल्या गुरुजींना मागिस्तेर म्हणायचे, जहाजाच्या कप्तानालाही, आणि घोडदळाचा प्रमुखही मागिस्तेरच. याच्या उलट 'मिनुस' म्हणजे कमी, त्यावरून 'मिनिस्तेर', म्हणजे हाताखालचा, नोकर. हो, मिनिस्टर तोच! मूळ अर्थाने बघितलं तर मास्तर वरचा आणि मंत्री खालचा, पण हे बदलीसाठी मंत्रालयात चकरा मारणाऱ्या मास्तरांना सांगून काही उपयोग नाही.

रोमन साम्राज्य गेलं आणि हा शब्द प्रत्येक भाषेत वेगळाच वाढला. पोर्तुगालमध्ये मेस्त्रे म्हणजे उस्ताद कारागीर, आणि मच्छीमार बोटीवरचा मुख्य माणूसही मेस्त्रेच, आपल्याकडचा तांडेल म्हणा ना. स्पॅनिशमध्ये 'माएस्त्रो' म्हणजे प्राथमिक शाळेतले गुरुजी, बैलाशी झुंजणाऱ्या मातादोरलाही मानाने माएस्त्रोच म्हणतात, आणि हाच शब्द समुद्रापलीकडे चिलीत गेला तर तिथे नळ दुरुस्त करायला, भिंत बांधायला बोलावतात तो माणूस माएस्त्रो, म्हणजे थेट आपला मेस्त्री! इटालियनमध्ये ऑर्केस्ट्रापुढे काठी घेऊन उभा असतो तो माएस्त्रो, पण त्याच गावात पहिलीच्या वर्गावरच्या बाई म्हणजे 'माएस्त्रा'. फ्रान्समध्ये तर वकिलाला 'मेत्र' म्हणून हाक मारतात, आणि हॉलंडमध्ये नावाआधी 'मि.' सारखी दोन अक्षरं छापलेली दिसली तर तो मिस्टर नाही हं, ती 'मेस्टर'ची खूण, म्हणजे त्या माणसाकडे किंवा बाईकडे कायद्याची डिग्री आहे.

आणि वारासुद्धा! दक्षिण फ्रान्समध्ये रोन नदीच्या खोऱ्यातून समुद्राकडे जो थंड कोरडा जोरदार वारा सुटतो त्याला 'मिस्त्राल' म्हणतात, तोही याच शब्दाचा, सगळ्यांवर हुकूम चालवणारा वारा. आपल्याकडे खारा वारा, मतलई वारा आहे, पण वाऱ्याला कोणी मेस्त्री म्हटलेलं मी ऐकलं नाही.

भावाच्या बोलण्यात एक दुरुस्ती. जर्मनीत रंधा हातात आला की झाला मायस्टर असं नाही. आधी शिकाऊ, मग कारागीर, मग मायस्टरची परीक्षा, ती पास झाली की सर्टिफिकेट मिळतं आणि ते दुकानात फ्रेम करून लावतात. सुतारकामासारख्या धंद्यात स्वतःचं वर्कशॉप काढायला साधारणपणे ते लागतंच. २००४ मध्ये त्यांनी ५३ धंद्यांसाठी ही अट काढून टाकली होती, मग २०२० मध्ये १२ धंद्यांना परत लावली, त्यात फरशी बसवणारे पण आले. फुटबॉलचं मात्र भावाने बरोबर सांगितलं. शिवाय बिल्डिंगची देखभाल करतो तो 'हाउसमायस्टर' आणि शहराचा महापौर 'ब्युर्गरमायस्टर', म्हणजे झाडूपासून खुर्चीपर्यंत सगळे मायस्टर.

इंग्रजीत मास्टर झाला, तो घाईत बोलताना झिजून मिस्टर झाला. तिथल्या सर्जनना अजूनही डॉक्टर न म्हणता मिस्टर म्हणतात, कारण पूर्वी ते डिग्रीवाले नव्हते, न्हाव्यांच्याच संघात होते, १७४५ मध्ये लंडनला वेगळे झाले, पण मिस्टर काही सोडला नाही, उलट आता त्याचाच अभिमान. बाईचं रूप मिस्ट्रेस, त्यातून मिसेस आणि मिस निघाल्या. पण मिस्ट्रेस म्हटलं की आज लोकांच्या मनात काय येतं ते तुम्हाला माहितीय, फ्रेंच 'मेत्रेस'चंही तेच, शाळेतल्या बाई पण आणि लफडं पण. पुरुषाचं रूप वकील होतं, महापौर होतं, आणि बाईच्या रूपाला हे! मला तर याचा रागच येतो.

आपण मराठीत या एका शब्दाची अख्खी भावकी जमवलीय. शाळेत मास्तर, स्टेशनवर मास्तर, पोस्टात मास्तर, कपडे शिवणारा टेलर मास्तर, कोर्टात मॅजिस्ट्रेट, आणि घरात "आमचे मिस्टर बाहेर गेलेत". नवऱ्याला नुसतं मिस्टर म्हणायची ही करामत आपलीच, इंग्लंडमध्ये कुणी म्हटलं तर समोरचा विचारेल, मिस्टर कोण?

मेस्त्री की मिस्त्री, तर दोन्ही चालतं. मेस्त्री हे पोर्तुगीज उच्चाराच्या जास्त जवळ आहे आणि आपल्या भागात आडनावही तसंच लिहितात, तेव्हा तुम्ही बिनधास्त मेस्त्री लिहा.

आता बाबा. लॅटिन 'मागिस' आणि संस्कृत 'महत्' एकाच मूळ धातूचे, आणि मागिस्तेरमधला शेवटचा 'तेर' म्हणजे आपल्या 'उच्चतर'मधला 'तर'. म्हणजे मागिस्तेरच्या जोडीला आपल्याकडे बसतो 'महत्तर'. जुन्या ताम्रपटांत महत्तर म्हणजे गावातले मानाचे वडीलधारे, म्हात्रे आडनाव त्यावरूनच आलं असं मानतात. तेव्हा मेस्त्री शब्द बोटीतून आला खरा, पण त्याचा लांबचा चुलतभाऊ आधीपासूनच कोकणात राहत होता, एवढं बाबांना नक्की सांगा. फक्त त्याच महत्तरवरून 'म्हातारा' हा शब्द पण आला, तो त्यांच्यासमोर जरा जपून.